मित्राचे दुखणे डॉक्टरांच्या कानी

“आता जगावंसंच वाटत नाही रे!” हे वाक्य डॉक्टर बहुधा सर्वांत शेवटी ऐकतात. त्याआधी ते कोणा मित्राच्या, मैत्रिणीच्या किंवा एका खोलीत राहणाऱ्या सोबत्याच्या कानावर पडलेले असते. ऐकणारा दचकतो. “असं काय वेड्यासारखं बोलतोस?” म्हणून विषय बदलतो. बोलणाराही ओशाळून गप्प बसतो. पुढे कधी दवाखान्यात गेलाच तर सांगतो ते एवढेच, की झोप लागत नाही, जेवण जात नाही, डोके सारखे जड असते. डॉक्टर त्यावर औषध देतात. मूळ दुखणे मात्र जसेच्या तसे त्याच्यासोबत घरी परत येते.

मित्राने ऐकलेले ते वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचवायचे कसे? हे काम वाटते तितके सोपे नाही, पण त्यासाठी मानसशास्त्राची पदवीही लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी आपले आयुष्य संपवले. त्यांतील २२,७४६ जण महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. कारणांच्या यादीत कौटुंबिक अडचणी आणि आजारपण ही दोन सर्वांत वर होती. ही दोन्ही दुखणी अशी, की जवळच्या माणसाला त्यांचा सुगावा आधी लागतो.

घर दूर, भाषा परकी

घरापासून दूर राहणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. मराठी माणसाचे लखनौशी नाते जुने आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तिथे संगीत महाविद्यालय उभे राहिले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नोकरी, बदली, शिक्षण यांनिमित्त मराठी कुटुंबे तिथे जात राहिली. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागांतील गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, तर उत्तरेतील कित्येक शहरांच्या सराफ बाजारांत पोचलेले आहेत.

समजा, लखनौच्या चौक भागात अशाच एका गलाईच्या दुकानात दोन गाववाले कामाला आहेत. एक पस्तिशीचा, दुसरा बावीस-तेविसाचा. धाकट्याच्या घरी कर्ज झाले आहे, ठरलेले लग्न मोडले आहे. दोन महिन्यांपासून तो नीट जेवत नाही, पहाटे तीनला उठून बसतो. गावाकडे फोन करणे टाळतो. अलीकडे त्याने आपले नवे घड्याळ एका पोऱ्याला सहज देऊन टाकले. एका रात्री तो म्हणतो, “दादा, मी नसलो तर सगळ्यांचाच ताप जाईल बघ.”

लखनौच्या डॉक्टरांशी त्याला हिंदीत बोलावे लागेल. भाव-ताव, मजुरी, हिशेब यांपुरती हिंदी त्याला छान येते. पण ‘जीव नकोसा झालाय’ हे हिंदीत कसे सांगायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. अशा वेळी त्या दादावर मोठी जबाबदारी येऊन पडते.

विचारल्याने विचार येत नाही

पहिली पायरी म्हणजे स्पष्ट विचारणे. इथेच बहुतेक जण अडखळतात. “आपणच तो विषय काढला आणि त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं तर?” ही भीती सर्वांना वाटते. आजवरच्या अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही. आत्महत्येविषयी सरळ आणि आपुलकीने विचारल्याने तो विचार नव्याने येत नाही. उलट ज्याच्या मनात तो आधीच घोळत असतो, त्याला कोणीतरी दार उघडल्यासारखे वाटते.

प्रश्न आडवळणाने विचारू नये. “तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?” असे विचारले, की समोरचा “छे, छे!” म्हणून मोकळा होतो, कारण त्या प्रश्नातच हवे ते उत्तर दडलेले असते. त्यापेक्षा आपल्या रोजच्या बोलीत विचारावे, “आरं, जीव द्यायचा इचार येतोय का तुझ्या मनात?” आणि मग थांबावे. उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये बोलू नये.

उत्तर ‘हो’ आले तर? घाबरून जाऊ नये आणि घाबरल्याचे दाखवूही नये. “आईबापाचा विचार कर,” “तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत,” “हे भेकडाचं काम,” ही वाक्ये चांगल्या हेतूने म्हटली जातात. पण ज्याला आपण इतरांना ओझे झालो आहोत असेच वाटते आहे, त्याच्या मनावरचे ओझे त्यांनी वाढते. “सांगितलंस ते बरं झालं. किती दिवसांपासून असं वाटतंय?” एवढे पुरते.

ऐकून घेण्याची ताकद किती असते याचे एक उदाहरण लंडनचे आहे. चॅड व्हारा नावाच्या धर्मोपदेशकांनी १९५३ मध्ये खचलेल्या माणसांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, म्हणून वाट पाहणाऱ्यांना चहा देण्यासाठी, त्यांच्याशी चार शब्द बोलण्यासाठी काही स्वयंसेवक बसवण्यात आले. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आले, की या स्वयंसेवकांपाशी मन मोकळे केल्यावर पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही. ‘समॅरिटन्स’ ही जगप्रसिद्ध संघटना त्यातून उभी राहिली.

अर्थात ऐकणे म्हणजे उपचार नव्हे. ज्याच्या मनात मरणाचे विचार पुन्हा पुन्हा येतात, त्याला डॉक्टरांची गरज आहेच. म्हणून एक वचन मात्र देऊ नये. “कुणाला सांगणार नाहीस ना?” असे तो विचारील. त्यावर “दुकानात, गावात कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही. आपण मिळून डॉक्टरांना सांगू,” असे खरे तेच सांगावे. खोटे वचन देऊन नंतर ते मोडले, की विश्वासही जातो आणि डॉक्टरांकडे जाण्याची वाटही बंद होते.

कोणत्या डॉक्टरांकडे?

एकदम मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे म्हटले, की पुष्कळांचे पाय अडतात. तशी सक्ती नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे, सरकारी दवाखान्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेले तरी चालते. पहिले दार कोणतेही असो, पुढची वाट ते दाखवू शकतात.

मनाच्या आजारावर नेहमीच्या रुग्णालयात, नेहमीच्या डॉक्टरांकडून उपचार मिळावेत या विचाराचा लखनौशी जवळचा संबंध आहे. १९११ मध्ये सुरू झालेल्या तेथील किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी पुढे चंदीगडच्या संस्थेत असताना हरियाणातील रायपूर राणी भागात एक प्रयोग केला. गावपातळीवरील आरोग्य कर्मचारी आणि साधे डॉक्टर यांना शिकवून मनोरुग्णांना घराजवळच उपचार देता येतात, हे त्यातून दिसले. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता.

ते कॉलेज आता विद्यापीठ आहे. मधल्या काही वर्षांत त्याला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव होते. २०१२ पासून ते पुन्हा किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याचा मानसरोग विभाग उत्तर प्रदेशातील लांबलांबच्या रुग्णांना ठाऊक आहे. आपल्या उदाहरणातील दोघांना तर तिथे जायला लांबचा प्रवासही नको, कारण चौक तिथून अगदी जवळ.

लखनौच्याच लालबाग भागात ‘नूर मंजिल’ हे मानसोपचार केंद्र आहे. १९५० मध्ये ते स्थापन करणारे ई. स्टॅन्ले जोन्स हे १९०७ मध्ये भारतात आलेले अमेरिकन धर्मोपदेशक. डॉक्टर नव्हेत, पण मनाचे खचणे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. भारतातील सुरुवातीच्या वर्षांत कामाच्या ताणाने ते स्वतः पुन्हा पुन्हा कोसळले होते, आणि त्यातून ते सावरले तेही लखनौतच. इतरांना धीर देणारा माणूसही खचू शकतो आणि बराही होऊ शकतो, हे त्या घराच्या पायातच आहे.

चिठ्ठीचा उपयोग

डॉक्टरांसमोर गेल्यावर ऐन वेळी शब्द फुटत नाहीत. बाहेर रांग, आत गर्दी, दोन-चार मिनिटांचा वेळ. म्हणून आदल्या रात्री दोघांनी बसून एक चिठ्ठी लिहावी. ती रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत, मराठीत असावी. खाली हवे तर मित्राने हिंदीत लिहावे. चिठ्ठीत एवढ्या गोष्टी असल्या की पुरे:

• जगू नये असे कधीपासून वाटते? रोज वाटते की अधूनमधून? दिवसाच्या कोणत्या वेळी अधिक?

• नुसते ‘मेलो तर बरे’ असे वाटते, की स्वतः काही करावे असे मनात येते? त्याची काही तयारी केली आहे का?

• पूर्वी कधी असा प्रयत्न झाला होता का? घरात कुणाच्या बाबतीत असे घडले आहे का?

• झोप, जेवण, काम यांत काय बदल झाला? दारू किंवा इतर नशा आहे का? सध्या कोणती औषधे चालू आहेत?

• कशामुळे अजून तग धरून आहे? आई, बहीण, एखादे काम, देवावरची श्रद्धा, काहीही असो.

शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो. पण डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. माणसाला धरून ठेवणारे धागे कोणते, हे कळले की उपचारात त्यांनाच बळकटी देता येते.

आणि चिठ्ठीची पहिली ओळ झोपेची किंवा डोकेदुखीची नसावी. “मला जगावेसे वाटत नाही, मरणाचे विचार येतात,” हीच पहिली ओळ असावी. वेळ थोडा असला, की डॉक्टरांचे लक्ष पहिल्या वाक्याकडे जाते. तोंडाने सांगणे जमलेच नाही, तर चिठ्ठी नुसती पुढे करावी.

डॉक्टरांच्या खोलीत

सरकारी बाह्यरुग्ण विभागात एका टेबलाभोवती चार-पाच माणसे उभी असतात. अशा वेळी मित्राने नम्रपणे म्हणावे, “डॉक्टरसाहेब, थोडं एकांतात सांगायचं आहे.” यात संकोच कसला? बहुतेक डॉक्टर ही विनंती समजून घेतात.

भाषांतर करताना मित्राने एक पथ्य पाळावे. जे ऐकले तेच सांगावे, ना कमी ना जास्त. मित्राला जपण्याच्या भरात “तसं काही विशेष नाही, जरा टेन्शन आहे,” असे सौम्य भाषांतर केले, तर सगळा खटाटोप वाया जातो. ‘जीव द्यावासा वाटतो’ याचे भाषांतर ‘मन उदास रहता है’ असे होत नाही. डॉक्टरांनी रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालाच देऊ द्यावे. डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याने बोलायचे असेल तर बाहेर जाऊन बसावे. कर्जाविषयी, प्रेमाविषयी, नशेविषयी अशा काही गोष्टी असतात, ज्या जिवलग मित्रापुढेही बोलवत नाहीत.

डॉक्टर एखादी प्रश्नावली भरून घेतील. गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न असलेली एक प्रश्नावली आता जगभर वापरली जाते. तिचा नववा प्रश्न नेमका मरणाच्या विचारांविषयीचा आहे. तिथे खरे तेच उत्तर द्यावे. थायरॉइडसारख्या कारणांसाठी रक्ताची तपासणीही सांगितली जाते, कारण काही शारीरिक आजारांतही मन असेच खचते.

“दाखल करून घेतील, कोंडून ठेवतील,” ही भीती रुग्णाच्या तोंडाला कुलूप घालते. प्रत्यक्षात असे विचार येणाऱ्या पुष्कळांवर घरी राहूनच उपचार होतात. धोका तातडीचा असेल तेव्हा डॉक्टर काही दिवस दाखल व्हायला सुचवतात. ते कशासाठी आणि किती दिवस, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

पोलिसांची भीती

आणखी एक भीती कायद्याची. भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे. मनात विचार येणे किंवा तो डॉक्टरांना सांगणे हा गुन्हा तेव्हाही नव्हता. पण लोकांच्या मनात ही सीमारेषा कधीच स्पष्ट नव्हती.

या कलमाला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रातून बसला. मुंबई पोलीस दलातील एका शिपायाला रस्त्यावरील अपघातात डोक्याला इजा झाली आणि त्यानंतर तो मानसिक आजाराने ग्रासला. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्यावर याच कलमाखाली खटला भरण्यात आला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला गरज उपचारांची आहे, तुरुंगाची नव्हे, ही त्यामागची भूमिका. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फिरवला आणि कलम पुन्हा कायम झाले.

खरा बदल झाला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. २०१८ मध्ये अमलात आलेल्या या कायद्याचे ११५ वे कलम सांगते, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये. तिची देखभाल व उपचार ही सरकारची जबाबदारी आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम ठेवलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा मानला आहे.

याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. जिवाला धोका टाळण्यासारखे काही मोजके अपवाद त्याला आहेत. मालकाला, शेजाऱ्याला किंवा गावच्या पाहुण्याला डॉक्टर काही सांगत बसत नाहीत.

मित्रांसाठी तर या कायद्यात एक मोलाची तरतूद आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ लेखी नेमू शकते. उपचारांचे निर्णय घेताना तो रुग्णाला साथ देतो. हा प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. घर हजार-दीड हजार किलोमीटरवर असलेल्या माणसासाठी शेजारच्या खाटेवरचा मित्र हे काम करू शकतो.

दवाखान्यातून परतल्यावर

पहिली भेट झाली म्हणजे सारे संपले असे नाही. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडेही जातात. “आठ दिवस झाले, काहीच फरक नाही,” म्हणून गोळ्या बंद करणारे खूप असतात, आणि बरे वाटू लागले म्हणून बंद करणारेही. दोन्ही चुकीचे. औषध बदलणे, कमी करणे किंवा थांबवणे हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत फार अस्वस्थ वाटू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे.

या काळात त्याच्या हाताशी धोक्याच्या वस्तू राहू नयेत. गोळ्या मित्राने आपल्याजवळ ठेवून रोजच्या रोज द्याव्यात. कामाच्या ठिकाणी विषारी रसायने असतील तर मालकाला विश्वासात घेऊन ती कुलपात ठेवावीत, किंवा काही दिवस दुसरे काम मागून घ्यावे. मालकाला कारण किती सांगायचे, हे आधी रुग्णाला विचारून ठरवावे. मनातील असह्य लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ निभावला, की माणूस वाचतो.

घरच्यांना कळवावे की नाही? शक्यतो कळवावे, पण त्याच्याच संमतीने आणि त्याने निवडलेल्या माणसाला. वडील रागीट असतील तर थोरली बहीण, मामा, चुलती, जो समजून घेईल तो. “पोरगं आजारी आहे, औषध चालू आहे, तुम्ही फक्त रोज सकाळी फोन करा,” एवढे सांगितले तरी पुरे.

मित्राने स्वतःलाही सांभाळावे. एकट्याने रात्र रात्र जागून पहारा करणे कोणालाही फार काळ झेपत नाही. आणखी एक-दोन विश्वासू माणसांना सोबत घ्यावे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर देशात कुठूनही, दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. मराठीतही बोलता येते, हे लखनौत राहणाऱ्यासाठी फार मोलाचे. रुग्ण जसा या क्रमांकावर बोलू शकतो, तसाच त्याची काळजी करणारा मित्रही. त्याने मनाशी काही निश्चित ठरवले आहे, तो निरोपाची भाषा करतो आहे किंवा स्वतःला इजा करण्याच्या बेतात आहे असे दिसले, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे किंवा ११२ वर मदत मागावी.

पुढच्या तपासणीची तारीख दोघांनीही लिहून ठेवावी. त्या दिवशी दुकानात कितीही काम असले तरी मित्राने सोबत जावे. दुसऱ्या भेटीला कदाचित तो बाहेरच्या बाकावर बसेल आणि रुग्ण एकटाच आत जाईल. चिठ्ठीही खिशातच राहील. बाहेर आल्यावर काय काय बोलणे झाले हे त्याने सांगितले तर ऐकावे, नाही सांगितले तर विचारू नये. वाटेत दोघांनी चहा घ्यावा आणि पुढची तारीख कोणती, तेवढे मात्र नक्की विचारून घ्यावे.